संगीत नाटक आणि संगीत महोत्सव यांचे चित्रीकरण : स्वरूप, मर्यादा व जिल्हा पातळीवरील महत्त्व (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रास्ताविक

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि मराठी रंगभूमीला संगीत नाटक हा स्वतःचा असा नाट्यप्रकार लाभला. युरोपात ऑपेराला जे स्थान आहे, त्याच्या जवळ जाणारे स्थान महाराष्ट्रात संगीत नाटकाला मिळाले. दोहोंत भेद आहेच. ऑपेरात बहुतांश संहिता गायिली जाते. संगीत नाटकात गद्य संवादांच्या ओघात पदे येतात आणि त्या पदांना रागसंगीताचा आधार असतो. तथापि गाणारा नट, वाद्यवृंदाची साथ, रंगमंचाची सजावट आणि गाण्यासाठीच जमलेला प्रेक्षक ही चतुःसूत्री दोन्हीकडे समान आहे.

अशा प्रयोगांचे व त्यांच्याच जोडीने मोठ्या शास्त्रीय संगीत महोत्सवांचे चित्रीकरण करणे म्हणजे नेमके काय करणे, त्यात काय टिकते आणि काय निसटते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पुणे-मुंबईच्या रसिकाला हा प्रश्न काहीसा दुय्यम वाटू शकेल, कारण मूळ प्रयोग त्याच्या आवाक्यात असतो. परभणीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र तो मूलभूत आहे. पुण्यापासून रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर अंतरावर असलेल्या या जिल्ह्यातील बहुसंख्य रसिकांना मोठ्या कलावंतांची कला प्रथम भेटली ती ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, चित्रपट आणि दूरदर्शन यांच्याद्वारेच.

चित्रीकरणाचे तीन प्रकार

'चित्रित संगीत नाटक' या शब्दप्रयोगाने तीन वेगवेगळ्या गोष्टी सूचित होतात. त्यांची सरमिसळ झाल्यामुळे पुष्कळदा चर्चेत गोंधळ होतो.

१) रूपांतर : नाटकाच्या कथेवर व संगीतावर आधारित स्वतंत्र चित्रपट. यात स्थळे, प्रसंग, संवाद व गाणी बदलण्याची मुभा असते.

२) मंचसदृश चित्रीकरण : प्रेक्षकांविना, चित्रीकरणगृहात, परंतु रंगमंचाची मांडणी कायम ठेवून केलेले चित्रीकरण.

३) प्रत्यक्ष प्रयोगाचे चित्रीकरण : प्रेक्षकांसमोर चालू असलेला प्रयोग किंवा मैफल आहे त्या क्रमाने व आहे त्या कालावधीत टिपणे.

पहिल्या प्रकारात चित्रपट ही प्रधान कला असते आणि नाटक हा तिचा कच्चा माल असतो. तिसऱ्या प्रकारात प्रयोग प्रधान असून कॅमेरा त्याचा सेवक असतो. दुसरा प्रकार या दोहोंच्या मध्ये उभा आहे. कोणत्याही चित्रीकरणाचे मूल्यमापन करताना ते यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे आधी निश्चित करणे आवश्यक ठरते.

बोलपटाचा उदय आणि बालगंधर्वांचा अनुभव

१९३१ मध्ये 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे प्रदर्शन झाले. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला. त्यातील हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत या दोन्ही बाजू गोविंदराव टेंबे यांनी सांभाळल्या होत्या. हेच टेंबे १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचे संगीतकार होते. बोलपटाने संगीत नाटकाचे संगीतकार, गायक नट आणि प्रेक्षक असे तिन्ही घटक आपल्याकडे ओढून घेतले. नाटकगृहांची चित्रपटगृहे होऊ लागली आणि संगीत नाटक मंडळ्यांचा आर्थिक पाया खचला.

या संक्रमणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचे होय. १९३५ मध्ये व्ही. शांताराम दिग्दर्शित 'धर्मात्मा' या प्रभातच्या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. एकनाथांचे पैठण व जनाबाईंचे गंगाखेड ही दोन्ही गावे गोदावरीकाठची. या दृष्टीने गोदातीराच्या संतपरंपरेतील एक चरित्र पडद्यावर आणणारी ही महत्त्वाची कृती होती. परंतु ज्या कलावंताला प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू या रूपांत पाहिले होते, त्याला पुरुषवेषात पाहण्याची त्यांच्या मनाची तयारी नव्हती.

त्यानंतर १९३७ च्या 'साध्वी मीराबाई' या बोलपटात बालगंधर्व स्त्रीभूमिकेत, मीराबाईच्या रूपात अवतरले. हा बोलपट 'अमृतसिद्धि' या रंगभूमीवरील नाटकावर आधारलेला होता. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. रंगमंचावर हे वय आड येत नसे. प्रेक्षक व नट यांच्यामधील अंतर, मंचावरील प्रकाश, भरजरी वेषभूषा आणि सर्वांत मुख्य म्हणजे स्वर, यांच्या साहाय्याने प्रेक्षक स्वतःच्या मनात ती नायिका उभी करीत असे. कॅमेऱ्याचे भिंग हे अंतर पुसून टाकते. समीपदृश्यात चेहऱ्यावरील प्रत्येक रेष दिसते आणि प्रेक्षकाच्या कल्पनेला करण्यासारखे काही उरत नाही. रंगमंचावरील सत्य अंतरावर अवलंबून असते आणि भिंगाला अंतर मान्य नसते, हा धडा या अनुभवातून मिळतो. चित्रीकरणाच्या पुढील सर्व प्रश्नांचे मूळ येथे आहे.

प्रयोगाचा काळ आणि यंत्राचा काळ

अंतराइतकाच महत्त्वाचा दुसरा घटक म्हणजे काळ. संगीत नाटकाचा पाच अंकी प्रयोग रात्री सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत चाले. एखादे पद रंगले की 'वन्स मोअर'ची मागणी होई आणि नट तेच पद नव्या आलापांनी, नव्या जागांनी पुन्हा गाई. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे साथीदार असत. त्यामुळे प्रत्येक 'वन्स मोअर' ही एक छोटी मैफलच होत असे. प्रयोगाची लांबी संहितेने जितकी ठरे, तितकीच ती प्रेक्षागृहातील श्रोत्यांनी ठरे.

यंत्राचा काळ याच्या अगदी उलट असतो. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारणपणे तीन ते साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. ३५ मिलिमीटर चित्रफितीचे हजार फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटी या गतीने अवघ्या अकरा मिनिटांत संपते. विलंबित ख्यालाची बढत अर्धा तास चालली, तर एकाच कॅमेऱ्याने ती अखंड टिपणे अशक्यच होते. म्हणून मागील पिढ्यांतील थोर गायक-नटांची जी स्मृती आज उपलब्ध आहे, ती मुख्यतः तीन मिनिटांच्या तुकड्यांची आहे. त्या तुकड्यांतून आवाजाची जात कळते, तानेचा दाणा कळतो. पण संपूर्ण नाट्यप्रसंगात ते पद कोठे फुलत गेले आणि श्रोत्यांनी त्याला कसा प्रतिसाद दिला, हे कळत नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग या संदर्भात आठवावा लागतो. एकमेकांच्या प्रतिस्पर्धी समजल्या जाणाऱ्या दोन मंडळ्यांचे नायक, केशवराव भोसले आणि बालगंधर्व, त्या रात्री धैर्यधर व भामिनी म्हणून एकत्र उभे राहिले. आजच्या परिभाषेत ज्याला भव्य विशेष संगीतसोहळा म्हणता येईल, त्याचा हा मराठी रंगभूमीवरील सर्वोच्च नमुना होय. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. बोलपटाचे युग तेव्हा दशकभर दूर होते. मराठी रंगभूमीचा हा महत्त्वाचा क्षण केवळ आठवणींच्या आणि वर्णनांच्या रूपाने शिल्लक राहिला.

जागतिक पातळीवरील दोन उदाहरणे

या प्रश्नाला अन्यत्र कशी उत्तरे शोधली गेली, हे पाहणे उद्बोधक ठरते. स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांनी केलेले मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेराचे चित्रीकरण १९७५ मध्ये प्रदर्शित झाले. त्यासाठी त्यांनी अठराव्या शतकातील ड्रॉटनिंगहोम नाट्यगृहाच्या मंचाची प्रतिकृती चित्रीकरणगृहात उभारली. प्रारंभीच्या वाद्यसंगीताच्या वेळी पडद्यावर दिसतात ते श्रोत्यांचे चेहरे. मध्यंतरात नटमंडळी पडद्यामागे काय करीत आहेत, तेही दिसते. आपण नाटक पाहत आहोत याचा विसर पडू न देता चित्रपटाची जवळीक साधण्याचा हा प्रयत्न होता. वर दिलेल्या वर्गीकरणात तो दुसऱ्या प्रकारात बसतो.

तिसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे आहे. ३० डिसेंबर २००६ पासून या संस्थेने आपले प्रयोग उपग्रहाद्वारे चित्रपटगृहांत थेट दाखविण्यास आरंभ केला. योगायोगाने पहिला प्रयोग 'द मॅजिक फ्लूट' याच ऑपेराचा होता. पुढे मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेतही या मालिकेतील प्रयोग पडद्यावर दाखविले गेले. घरी एकट्याने पाहण्यापेक्षा चित्रपटगृहात शेकडो प्रेक्षकांनी एकत्र बसून, मध्यंतर घेऊन, संपूर्ण प्रयोग पाहणे हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य आहे.

मोठ्या संगीतसोहळ्यांबाबत ७ जुलै १९९० रोजी रोमच्या काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांत झालेली तीन टेनर गायकांची मैफल प्रसिद्ध आहे. लुचियानो पावारोत्ती, प्लासिदो डोमिंगो व होसे कारेरास यांच्यासह त्या रात्री वाद्यवृंदाचे संचालन केले होते ते मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी. दूरचित्रवाणी व ध्वनिमुद्रण यांच्याद्वारे ही मैफल जगभर पोहोचली. मात्र अशा सोहळ्यात गाण्यांची निवड लोकप्रिय तुकड्यांची असते. संपूर्ण ऑपेराची जागा ती घेऊ शकत नाही.

महोत्सवाचे चित्रीकरण

महाराष्ट्रात रागसंगीताच्या भव्य सोहळ्याचे नाव घेतले की पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आठवतो. रामचंद्र गणेश कुंदगोळकर उर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) हे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य आणि संगीत रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले नट होते. म्हणजे नाटक आणि मैफल ही दोन्ही दालने ज्याच्या जीवनात एकत्र आली, त्याच्या नावाने हा महोत्सव उभा आहे. त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये त्याचा आरंभ झाला. २०११ मध्ये पं. जोशी यांचे निधन झाल्यावर त्यांचेही नाव महोत्सवाला जोडण्यात आले.

पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आल्यावर अशा खुल्या मैफलींचे वेळापत्रक बदलले. उत्तररात्रीचे व पहाटेचे राग त्यांच्या नैसर्गिक वेळी खुल्या मंडपात ऐकण्याची संधी त्यामुळे आक्रसली. जुन्या रात्रभराच्या मैफलींची जी अखंड मुद्रणे असतील, त्यांचे मोल यामुळे वाढले आहे. ती केवळ गायकाच्या कलेची नोंद नसून, रागसमयाला अनुसरून ऐकण्याच्या एका रीतीचीही नोंद आहेत.

मैफलीच्या चित्रीकरणात कॅमेऱ्याने काय दाखवावे, हा प्रश्न नाटकापेक्षा नाजूक असतो. मंचावर हालचाल थोडी असते. म्हणून दिग्दर्शकाला वारंवार दृश्य बदलण्याचा मोह होतो. गायक समेकडे येत असताना दृश्य झुंबरावर किंवा पहिल्या रांगेतील मान्यवरांवर गेले, तर जाणकार श्रोत्याचा रसभंग होतो. याउलट समेच्या क्षणी गायक व तबलावादक यांची नजरभेट टिपली गेली, तर लयीचे जे नाते केवळ ध्वनिमुद्रणातून कळत नाही, ते विद्यार्थ्याला डोळ्यांनी समजते. तंबोऱ्यावरील बोटे, गायकाचा स्वर लावण्यापूर्वीचा श्वास, साथीदाराला दिलेली खूण या बाबी शिक्षणाच्या दृष्टीने अमूल्य आहेत. चित्रीकरणाने मैफलीतून काही हिरावून घेतले तरी मागच्या रांगेतील श्रोत्याला कधीच न दिसणारे असे काही ते देते, हे मान्य करावे लागेल.

अलीकडील मराठी चित्रपट

२०११ च्या 'बालगंधर्व' या चित्रपटानंतर संगीत रंगभूमीविषयी नव्या पिढीत पुन्हा कुतूहल निर्माण झाले. पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित, पं. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत असलेले आणि पं. वसंतराव देशपांडे यांच्या खाँसाहेबाने गाजलेले 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चे नाटक २०१५ मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आले. २०२५ च्या जानेवारीत त्यांचाच 'संगीत मानापमान' प्रदर्शित झाला. 'कट्यार'मध्ये मूळ नाट्यपदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी होती. या चित्रपटातील गायनासाठी महेश काळे यांना, तर 'बालगंधर्व'मधील गायनासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे चित्रपट पहिल्या प्रकारात, म्हणजे रूपांतरात मोडतात. ज्या गावी संगीत नाटकाचा प्रयोग क्वचितच होतो, तेथील चित्रपटगृहात नाट्यसंगीत ऐकू येणे ही त्यांची निर्विवाद कामगिरी आहे. परंतु त्यांतील पदे चित्रपटाच्या वेगाला बांधलेली आहेत. 'वन्स मोअर'ची शक्यता तेथे नाही. प्रेक्षकाच्या दादेने गायन बदलत नाही. म्हणून रूपांतर पाहून संगीत नाटक पाहिल्याचे समाधान मानणे योग्य ठरणार नाही. रूपांतर हे आमंत्रण आहे. प्रत्यक्ष पंगत वेगळी.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर तो नऊ तालुक्यांचा उरला. कीर्तन, भजन व रात्रभराचा हरिजागर यांची परंपरा येथे खोलवर रुजलेली आहे. दीर्घकाळ बसून, दाद देत, गायकाबरोबर रात्र जागविणारा श्रोता हा या भूमीला परका नाही. रागसंगीताचा परिचय व्यापक करण्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे. १९५२ मध्ये सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनचे आकाशवाणी संगीत संमेलन यांनी घरबसल्या मैफल उपलब्ध करून दिली. परभणी येथे आकाशवाणीचे स्वतंत्र केंद्र झाल्याने स्थानिक कलावंतांनाही व्यासपीठ लाभले. पुढे दूरदर्शन आले आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर हवे ते चित्रण हवे तेव्हा पाहण्याची सोय झाली.

सोय वाढली, तरी सलग ऐकण्याची सवय कमी होण्याचा धोका याच सोयीत आहे. तासाभराच्या ख्यालातील चार मिनिटांची तान वेगळी काढून पाहिली जाते आणि ती तान ज्या बढतीतून जन्मली, ती बाजूला राहते. ७८ फेऱ्यांच्या काळात तुकडा ही यंत्राची अपरिहार्यता होती. आज यंत्र कितीही वेळ मुद्रण करू शकते. तुकडा ही आता पाहणाऱ्याची निवड झाली आहे. ही निवड बदलण्याचे सामर्थ्य शिक्षणसंस्थांमध्ये आहे.

महाविद्यालयांसाठी काही उपाय

पहिला उपाय सामूहिक दर्शनाचा. महाविद्यालयाच्या सभागृहात संगीत नाटकाचे वा मैफलीचे संपूर्ण चित्रण, मध्यंतरासह, पूर्वपरिचयात्मक व्याख्यान देऊन दाखवावे. दाद देण्यास मोकळीक असावी.

दुसरा उपाय स्थानिक प्रयोगांच्या चित्रीकरणाचा. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने परभणी केंद्रावर हौशी कलावंतांचे प्रयोग होत आले आहेत. संगीत सभा आणि कीर्तन महोत्सवही होतात. यांच्या चित्रीकरणासाठी फार मोठा खर्च लागत नाही. एक कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मध्यभागी, संपूर्ण मंच दिसेल असा स्थिर ठेवावा आणि तो आरंभापासून शेवटपर्यंत बंद करू नये. दुसरा गायकावर व तिसरा साथीदारांवर असावा. गायन, तबला आणि ऑर्गन किंवा संवादिनी यांच्यासाठी स्वतंत्र ध्वनिग्राहक असावेत आणि एक ध्वनिग्राहक केवळ श्रोत्यांसाठी राखून ठेवावा, कारण दाद हा प्रयोगाचाच अंश आहे. दिनांक, स्थळ, कलावंत व साथीदार यांची नावे, राग आणि ताल यांची नोंद प्रत्येक मुद्रणासोबत असावी. त्याच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

तिसरा मुद्दा हक्कांचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या कृतीवरील हक्क टिकतो. खाडिलकरांचे निधन १९४८ मध्ये झाल्याने त्यांच्या संहिता २००९ पासून हक्कमुक्त झाल्या आहेत. दारव्हेकरांचे निधन १९९९ मध्ये झाले असल्याने 'कट्यार'साठी परवानगी आवश्यक आहे. संहिता हक्कमुक्त असली तरी गाणाऱ्याचा हक्क वेगळा असतो. १९९४ च्या दुरुस्तीनंतर सादरकर्त्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाला, १९९९ मध्ये त्याची मुदत ५० वर्षे झाली आणि २०१२ मध्ये त्याच्या नैतिक हक्कांनाही मान्यता मिळाली. म्हणून चित्रीकरणापूर्वी कलावंतांची लेखी संमती घेणे हे कायद्याने आणि नीतीनेही इष्ट आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) रूपांतर, मंचसदृश चित्रीकरण आणि प्रत्यक्ष प्रयोगाचे चित्रीकरण हे तीन भिन्न प्रकार असून त्यांचे निकषही भिन्न असले पाहिजेत.

२) रंगमंचाचे अंतर व प्रयोगाचा काळ या दोन गोष्टी चित्रीकरणात सर्वाधिक बाधित होतात. यांपैकी अंतराची हानी अटळ आहे. काळ मात्र अखंड मुद्रणाने राखता येतो.

३) मूळ केंद्रांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांसाठी तिसरा प्रकार सर्वांत उपयुक्त आहे, कारण तेथे चित्रण हेच कलेचे मुख्य द्वार असते.

४) ते चित्रण केवळ बाहेरून येण्याची वाट न पाहता जिल्ह्यातील प्रयोगांचे अखंड मुद्रण जिल्ह्यातच व्हावे.

१९२१ ची ती रात्र टिपण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते, म्हणून त्या पिढीला दोष देता येत नाही. आज साधन प्रत्येक महाविद्यालयात आहे. परभणीच्या एखाद्या सभागृहात आज गाणाऱ्या कलावंताचा आवाज पन्नास वर्षांनी येथील विद्यार्थ्याला संपूर्ण ऐकता येईल की नाही, हे आता यंत्रावर अवलंबून नाही. ते आजच्या पिढीच्या आस्थेवर अवलंबून आहे.